टोरोडच्या काचघरातली धुरी

१

रविवारची प्रार्थना आटोपून आम्ही चॅपेलबाहेर पडत होतो, तेवढ्यात लुईझा ब्रेहो रस्त्याच्या मधोमध धावत आली. बावन्न वर्षांची बाई, आमच्या शाळामास्तरांची विधवा. हॅट हातात, उजव्या मनगटावर रक्ताचा ओघळ. लोकांमधून वाट काढत ती थेट माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"सार्जंट, टोरोड काचघरात पडलाय. दारावर धुरीची पाटी आहे. मी काच फोडली, पण आत पाऊल टाकवेना."

युजीन टोरोडनं पस्तीस वर्षं टपाल कचेरीत पत्रं निवडली होती. गेल्या वर्षी निवृत्त झाला आणि आमच्या ग्वेर्नसी बेटावर सगळेच करतात तेच करायला लागला. घरामागं एक काचघर, त्यात टोमॅटो. एकटा जीव.

तिथे पोचल्यावर मी दारं उघडली, दहा-बारा काचा फोडल्या, वारा खेळू दिला आणि तोंडाला ओला रुमाल बांधून आत शिरलो. मधल्या वाटेवर ओळीनं कीड मारायच्या विषारी धुरीचे बारा डबे होते. बाराही जळून राख झालेले. टोरोड अगदी आतल्या भिंतीशी, पहिल्या डब्याच्याही पलीकडे पालथा पडला होता. केव्हाच थंड झाला होता.

जमलेल्या लोकांत कुजबुज झाली. "म्हातारा विसरला असेल. चक्कर आली असेल. धुरीनं दरवर्षी एखादा जातोच."

पण धुरी कशी देतात हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. सगळ्यांत आतला डबा आधी पेटवायचा. मग एकेक पेटवत मागं मागं दाराकडे यायचं. शेवटचा पेटला की बाहेर पडायचं, दार लावायचं, पाटी अडकवायची. टोरोडला पहिल्या डब्यापाशी चक्कर आली असती, तर उरलेले अकरा डबे थंडच राहिले असते.

डॉक्टरांनी त्याच्या डोक्यामागं हात फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"फटका फावड्यासारख्या कशाचा तरी आहे, आणि आधीचा आहे, नॅफ्टेल. हा पडला तेव्हा धुरी सुरूही झाली नव्हती."

म्हणजे टोरोडला आत टाकून कुणीतरी शांतपणे एकामागून एक बारा डबे पेटवले होते. आणि जाताना पाटीही अडकवली होती.

२

स्वयंपाकघरात टेबलावर पाच कप उपडे घालून ठेवले होते. काल संध्याकाळपासूनच. त्यांच्याशेजारी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा, झाकण उघडं.

"पाच कप कशाला?" मी विचारलं.

लुईझा दारातच उभी होती. मनगटाला तिनं रुमाल गुंडाळला होता. "आज चहाला बोलावलं होतं त्यानं. मला, मिस ओझिएला, फॅलाला आणि क्लिफर्डला. काल सकाळी बाजारात भेटला. म्हणाला, मिसेस ब्रेहो, हेडलीबद्दल काही सांगायचंय. एकदाच सांगेन, सगळ्यांसमोर सांगेन. प्रार्थनेत मन लागेना, म्हणून मी वेळेच्या आधीच आले."

हेडली ब्रेहो हे नाव आमच्या गावात अजूनही हळू आवाजात घेतात. युद्धात जर्मन बेटावर होते त्या पाच वर्षांत रेडिओ ठेवणं हा गुन्हा होता. हेडलीनं एक ठेवला. रोज लंडनच्या बातम्या ऐकायचा, चिटोऱ्यांवर उतरवायचा. क्लिफर्ड केरिपेल, आमचा बेकरीवाला, ती चिटोरी पावांबरोबर घरोघर पोचवायचा. रेडिओ असायचा चॅपेलच्या ऑर्गनच्या पोटात. त्याची राखण ऑर्गन वाजवणारी मिस अडेल ओझिए करायची. त्रेचाळीसच्या फेब्रुवारीत एका शुक्रवारी हेडलीला धरलं. पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात तो जर्मनीतल्या एका तुरुंगात टायफसनं मेला. कुणीतरी चुगली केली, एवढंच गावाला माहीत होतं. कुणी, ते नाही.

मी डबा पुढे ओढला. आत एकच पाकीट होतं. जर्मन कचेरीचा पत्ता, तिकीट, त्यावर टपालाचा शिक्का, फेब्रुवारी १९४३. आत चार ओळी.

'शाळामास्तर ब्रेहो चॅपेलच्या ऑर्गनमध्ये रेडिओ लपवून ठेवतो. शत्रूच्या बातम्या गावात पसरवतो. तातडीनं झडती घ्यावी. आपला एक हितचिंतक.'

लुईझानं पुढे येऊन माझ्या खांद्यावरून वाचलं.

"टोरोडला हे कुठून मिळालं?"

"टपालात," मी म्हणालो. "जर्मन कचेरीकडे जाणारी निनावी पत्रं हे लोक वाफेवर उघडायचे. कितीतरी चुलीत घातली त्यांनी. आम्हा पोलिसांना कळायचं, आम्ही डोळेझाक करायचो."

अक्षर तिरकं, बारीक, 'टी'ची मान मोडल्यासारखी. मी मान वर केली. खिडकीतल्या फळीवर टोरोडच्या खोकल्याच्या औषधाची बाटली होती. तिच्या चिठ्ठीवर त्याच अक्षरात लिहिलं होतं: 'दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर.'

३

वॉल्टर फॅलाचं औषधाचं दुकान रविवारी बंद असतं. मी मागच्या दारानं गेलो. तो टेबलाशी बसून उकडलेलं अंडं खात होता. पत्र त्याच्यापुढे ठेवलं तेव्हा चमचा त्यानं बशीत अगदी जपून ठेवला, जणू आवाज झाला तर कुणी जागं होईल.

"तुमचं अक्षर?"

"हो."

मला वाटलं होतं आढेवेढे घेईल. त्यानं घेतले नाहीत.

"का लिहिलंत?"

"साऱ्या चॅपेलसमोर हेडलीनं मला चोर म्हटलं होतं, सार्जंट. औषधं दडवून ठेवतो म्हणाला. माझ्या आईसमोर म्हणाला. ती पुढं कधी चॅपेलात आली नाही." तो थांबला. "आणि खरं सांगू? दडवत होतो मी. म्हणूनच जास्त झोंबलं."

"आणि काल टोरोडनं तुम्हाला चहाला बोलावलं."

"बोलावलं. मी समजलो. रात्रभर कपडे घालून बसलो होतो. आत्ता तुम्ही आलात तेव्हा वाटलं, त्यानंच पाठवलं."

"टोरोड मेलाय. कुणीतरी मारलंय त्याला."

फॅलाचा चेहरा आधीच पांढरा होता. तो आणखी कसा पांढरा होणार? पण झाला.

"मी नाही. ऐका, एक माणूस मी मारलाय. हेडली ब्रेहो. तीन वर्षं रोज सकाळी आरशात बघून दाढी करतो तेव्हा ते मला माहीत असतं. दुसरा मारायची माझी ताकद नाही."

"काल संध्याकाळी कुठे होता?"

"इथेच. एकटा."

साक्षीदार नाही, कारण ढळढळीत, हातात पत्र. माझा हवालदार बाहेर उभा होता. त्याला हाक मारून फॅलाला न्यायला सांगणं एवढंच काम उरलं होतं. मी पत्र पाकिटात घालायला घेतलं आणि हात थांबला.

खून करणाऱ्यानं डबा उघडला होता. मग हे पत्र तिथेच का ठेवलं? फॅला असता तर आधी हे जाळलं असतं. कुणालातरी हे मला सापडायला हवं होतं.

आणि दुसरी गोष्ट. ती इतकी साधी होती की आधी सुचलीच नव्हती. ही नक्कल नव्हती. शाई फॅलाची, तिकीट खरं, शिक्का खरा. फॅलानं पेटीत टाकलेलं हेच ते पत्र. हे जर तीन वर्षं टोरोडच्या बिस्किटांच्या डब्यात होतं, तर जर्मनांच्या हाती काय पडलं होतं?

फॅला माझ्याकडे बघत होता. मी त्याला तेव्हा सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

"गाव सोडू नका," एवढंच म्हणालो आणि बाहेर आलो.

४

आता माझी स्वतःची गोष्ट सांगणं भाग आहे.

बेटावर जर्मन आले तरी आम्ही पोलीस आमच्याच गणवेशात राहिलो, फक्त हुकूम त्यांचे झाले. त्या शुक्रवारी सकाळी दहाला दोन जर्मन पोलीस चौकीवर आले आणि मला बरोबर घेऊन गेले. कुठे, ते मला मोटारीतही सांगितलं नाही. वाटेत चॅपेल लागलं. त्यांनी तिकडे मानही वळवली नाही. हेडलीचं घर लागलं. तेही मागं पडलं. मोटार थांबली शाळेच्या दारात. ते सरळ शिडीवरून घंटेच्या माळ्यावर चढले आणि दोन मिनिटांत हाक आली, वर ये. रेडिओ तिथे होता.

गावाला एवढंच माहीत होतं की मास्तरांना वर्गातून नेलं. रेडिओ कुठे सापडला हे जर्मनांनी सांगितलं नाही, आणि मी तर नाहीच नाही. मी तिथे होतो हेच मला विसरायचं होतं.

फॅलाच्या पत्रात ऑर्गन होता. जर्मन गेले माळ्यावर. म्हणजे पत्र टाकल्यानंतर आणि शुक्रवारच्या आत रेडिओ हलवला गेला होता, आणि नवी जागा ज्याला ठाऊक होती त्यानं ती आपल्या तोंडानं सांगितली होती.

मिस ओझिए आपल्या बैठकीत काळ्या हातमोज्यांसकट बसली होती. तिच्याबद्दल गावात नको ते बोललं जायचं. एक जर्मन अधिकारी तिच्याकडे पियानो वाजवायला यायचा म्हणून.

"बोला, सार्जंट. माझ्यावरच येणार होतं हे."

"ऑर्गनमधून रेडिओ कधी हलवला?"

"मला काय ठाऊक? शुक्रवारी सकाळी सरावाला गेले, ऑर्गनची फळी काढली तर आत रिकामं. मला वाटलं चोरी झाली. हेडलीला सांगायला शाळेकडे धावले. कोपऱ्यावर पोचले तर..." ती खिडकीकडे पाहू लागली. "तुम्ही तो हातात घेऊन बाहेर येत होता. मी पाहिलंय तुम्हाला. आजवर कुणाला बोलले नाही."

माझ्याच्यानं तिच्याकडे बघवेना.

"मेहेरबानी म्हणून नाही," ती म्हणाली. "माझ्याबद्दल लोक काय काय बोलले ते मी ऐकलंय. दुसऱ्याबद्दल आपण तसं बोलू नये असं वाटलं. मला नवी जागा माहीत असती तर मी रिकामा ऑर्गन बघून धावले असते का?"

ते बरोबर होतं. मी उठलो.

दारापाशी तिनं विचारलं, "मग कुणाला माहीत होती?"

५

लुईझा घरी भाजी चिरत होती. खायचं काही नव्हतंच तिला, हाताला काम हवं होतं. मी विचारलं, शुक्रवारच्या आदल्या दिवशी काय काय झालं, आठवेल तेवढं सांगा.

"गुरुवारी दुपारी टोरोड आला होता. दोघं दाराबाहेर उभं राहून बोलले, मला काही कळू दिलं नाही. संध्याकाळी हेडली बाहेर गेला. संचारबंदीच्या आत परतला. बास."

"एकटाच गेला?"

"एकटाच निघाला. आल्यावर दमलेला होता. कोटाची बाही पांढरी झाली होती. मी म्हटलं, खडूनं माखलेला कोट घरी कशाला आणलास? म्हणाला, भिंतीला घासला असेल." ती जराशी हसली. बऱ्याच दिवसांनी हसत असावी. "पण भुकेलं माणूस फसत नाही, सार्जंट. मी बोट लावून चाटलं. पीठ होतं! पांढरं, खरं पीठ. आम्ही तेव्हा बटाट्याच्या सालींचे पाव खात होतो. सुरीनं बाही खरवडली. चमचाभर निघालं. सलगमच्या सुपात टाकलं. त्याचं ते घरचं शेवटचं जेवण... त्यानं वाटीभर जास्त घेतलं होतं त्या दिवशी."

सुरी चालूच होती. आपण काय बोललो हे तिला कळलं नव्हतं. मी कळू दिलं नाही.

"टोरोड इतकी वर्षं गप्प होता. मग आत्ताच का बोलावलं त्यानं?"

"कोण जाणे. गेला आठवडाभर शाळेत होता तो. नऊ मेला बेट सुटल्याचं पहिलं वर्ष ना, घंटा वाजवायची म्हणून नवा दोर ओवत होता. माळ्यावरून उतरताना बुधवारी मला दिसला. नमस्कार केला तर ओळखही दिली नाही."

मी चौकीवर गेलो. जुन्या नोंदवह्या जर्मनांनी नेल्या नव्हत्या. फेब्रुवारी त्रेचाळीसचं पान काढलं. गुरुवार, दुपारी चार: रॉयस्टन केरिपेल, वय एकोणीस, जर्मन कोठारातून डबे चोरताना पकडला. शिक्षेसाठी युरोपच्या मुख्य भूमीवर पाठवण्याचा हुकूम. त्याखाली, शुक्रवार, सकाळी आठ: जर्मन कचेरीच्या आदेशानं सोडला. कारण नोंदलेलं नाही.

खाली सही होती. माझीच.

६

क्लिफर्ड केरिपेलला गावात नावं ठेवणारा माणूस सापडणार नाही. नऊ मेच्या समारंभात त्याचा सत्कार व्हायचा होता. पावात बातम्या वाटणारा शूर बेकरीवाला म्हणून. मी गेलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. सोमवारच्या पावाचं पीठ तो मळत होता. भट्टीशी त्याचा मुलगा रॉयस्टन लाकडं रचत होता. बावीस वर्षांचा उंच तरुण, पुढल्या महिन्यात लग्न.

"ये ऑस्मंड! टोरोडचं ऐकलं. वाईट झालं. फॅलाला धरलंस म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"गावच म्हणतंय."

"पत्राचं गावाला कळलेलं नाही, क्लिफर्ड. फॅलाला धरलेलंही नाही."

तो मळत राहिला. "मग मी चुकीचं ऐकलं."

"मला एक सांग. हेडलीला धरलं तेव्हा रेडिओ कुठे होता?"

"ऑर्गनमध्ये. नेहमीसारखा."

"हलवल्याचं तुला कळलं नव्हतं?"

"मला? मी आपला पाव वाटणारा माणूस. ती तुमची शिकलेल्यांची भानगड."

"गुरुवारी संध्याकाळी हेडली घरी गेला तो बाहीला पीठ घेऊन. साल त्रेचाळीस. अख्ख्या पंचक्रोशीत पांढरं पीठ कुठे होतं? जर्मन अधिकाऱ्यांचा पाव कोण भाजायचं? रेडिओ चॅपेलपासून शाळेपर्यंत उघड्या रस्त्यानं न्यायचा तर पिठाच्या पोत्यात घालून, पावाच्या हातगाडीवरूनच नेता येतो. आणि वाटेत कुणी हटकणार नाही अशी हातगाडी एकच."

पिठातले हात थांबले.

"बरं, नेला. मदतच केली ना त्याला! त्यात काय गुन्हा आहे?"

"काहीच नाही. मग आत्ता खोटं का बोललास?"

भट्टीकडून रॉयस्टन पुढे आला. हातात लाकूड तसंच.

"गुरुवार कुठला?" त्यानं विचारलं.

"तू आत जा," क्लिफर्ड म्हणाला.

"मला धरलं होतं तो गुरुवार?"

"आत जा म्हणतो ना!"

"तुम्ही म्हणालात मी लहान म्हणून सोडलं. बाबा, माझ्याबरोबर जॅक होता. माझ्याहून वर्षानं लहान. तो नाही सुटला. तो आलाच नाही परत. मी तुम्हाला तेव्हाही विचारलं होतं, मलाच का सोडलं. तुम्ही मला गप्प बस म्हणालात."

क्लिफर्डनं पिठातून हात काढले आणि त्यांच्याकडे बघत राहिला.

"काय दिलंत त्यांना?" रॉयस्टननं विचारलं. मोठ्यानं नाही. "बाबा, माझ्या बदल्यात काय दिलंत?"

बाहेर रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग क्लिफर्ड पिठाच्या पोत्यावर बसला. एकदम म्हातारा झाल्यासारखा.

"हातगाडी घेऊन घरी आलो तर तुझी आई दारात रडत उभी. तुला बोटीनं नेणार म्हणाली. मी कचेरीत गेलो. विनवण्या करायला गेलो होतो, ऑस्मंड, देवाशपथ, फक्त विनवण्या करायला. तो टेबलामागचा माणूस म्हणाला, रिकाम्या हातानं आलास का? तासाभरापूर्वी मी त्याच हातांनी तो रेडिओ माळ्यावर चढवला होता. माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. मला वाटलं, मास्तर आहे, सहा महिने ठेवतील, सोडतील."

"आणि टोरोड?"

"माळ्यावर त्याला पोतं सापडलं. जर्मनांनी रेडिओ नेला, पोतं राहिलं तिथेच. त्यावर माझ्या बेकरीचा शिक्का. काल संध्याकाळी पाव द्यायला गेलो तर त्यानं ते काचघरात माझ्यापुढे धरलं. म्हणाला, तीन वर्षं मी स्वतःला शिव्या घालत होतो, की एखादं पत्र माझ्या नजरेतून सुटलं. सुटलं नव्हतं. माळ्यावरची जागा मास्तरांखेरीज तुलाच ठाऊक होती. उद्या चहाला ये आणि लुईझाला तू स्वतः सांग. मी सांगणार नाही, तू सांग. एवढा सभ्य होता तो. पाठ वळवून उभा राहिला, मला विचार करायला वेळ द्यावा म्हणून."

"आणि तू फावडं उचललंस."

"नऊ मे आली होती रे. पोराचं लग्न होतं. हे कळलं असतं तर त्या मुलीनं..." तो थांबला.

"पत्र कुठे मिळालं?"

"स्वयंपाकघरात. टेबलावर डबा होता. वाचलं, अक्षर ओळखलं. देवानंच ठेवलंय असं वाटलं."

रॉयस्टननं हातातलं लाकूड खाली ठेवलं, एप्रन काढून खुंटीला अडकवला आणि मागच्या दारानं निघून गेला. बापाकडे त्यानं पाहिलं नाही.

"रॉयस्टन!" क्लिफर्डनं हाक मारली. पुन्हा मारली. मग हात पुसून माझ्यापुढे धरले.

७

फॅलाकडे मी त्याच संध्याकाळी गेलो आणि पत्र पोचलंच नव्हतं हे सांगितलं. मला वाटलं होतं सुटल्यासारखा रडेल. तो म्हणाला, "पण मी टाकलं होतं ना, सार्जंट?" त्या उन्हाळ्यात त्यानं दुकान विकलं आणि टपालाच्या बोटीनं इंग्लंडला गेला. कायद्यात त्याला शिक्षा नव्हती. खटला उभा राहिला तेव्हा केरिपेलनं सगळं कबूल केलं. रॉयस्टन एकही दिवस कोर्टात आला नाही. त्याचं लग्नही झालं नाही. मुलीकडून मोडलं नव्हतं. त्यानंच नको म्हटलं.

पण ते सगळं नंतर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लुईझाकडे गेलो. तिनं मला बसायला सांगितलं नाही, मीही बसलो नाही. क्लिफर्डचं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. पिठाच्या बाहीपाशी आलो तेव्हा तिनं डोळे मिटले.

"मी ते खाल्लं," ती म्हणाली.

मग तिनं विचारलं, "जर्मन माळ्यावर गेले हे तुम्हाला कसं ठाऊक? कुणालाच ठाऊक नव्हतं."

हेच टाळत मी तीन वर्षं रस्ता बदलून चाललो होतो.

"मी होतो तिथे. त्यांनी मला नेलं. रेडिओ मीच खाली उतरवला, माझ्या हातांनी. पुरावा म्हणून."

"हेडली कुठे होता तेव्हा?"

"शिडीखाली. तोवर खाली उतरलेल्या दोघा जर्मनांच्या मधे उभा. मी वरून उतरत होतो, दोन्ही हात अडकलेले. तो म्हणाला, ऑस्मंड, जपून. तिसरी पायरी मोडकी आहे."

"असं म्हणाला?"

"हो. मग वर्गाकडे वळून थोरल्या मुलीला म्हणाला, खिडकी लाव, लहानांना थंडी वाजतेय. आणि मोटारीत चढताना मला म्हणाला..." मी जमिनीकडे बघत उरलेलं सांगितलं. "म्हणाला, लुईझाला सांग, दुपारी जेवायला थांबू नकोस."

"मी थांबले होते," ती म्हणाली. "चार वाजेपर्यंत. मग शेजारणीनं येऊन सांगितलं."

"मला लाज वाटत होती, मिसेस ब्रेहो. तुमच्यासमोर उभं राहायची. म्हणून आलो नाही."

"तुम्ही रेडिओ उतरवलात ते समजू शकते मी. बंदुका त्यांच्याकडे होत्या." तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "पण त्याचं बोलणं माझं होतं! तुरुंगातून त्याची एक ओळ आली नाही. तो शेवटचं काय बोलला असेल, बोलला तरी का, हे मी रोज मनात रचून बघत होते. आणि ते तुमच्या खिशात होतं. तीन वर्षं. चॅपेलात माझ्यापासून दोन बाकांवर बसत होता तुम्ही."

टोपी उचलून मी दाराकडे वळलो.

"कुठे चाललात?"

मी थांबलो. तिनं टेबलाखालची खुर्ची बाहेर ओढली. हेडलीची होती की नाही, माहीत नाही. समोर दुसरी ओढून ती स्वतः बसली आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"बसा," ती म्हणाली. "मोटार शाळेच्या दारात थांबली तिथून पुन्हा सांगा. सावकाश सांगा. त्यानं कोट घातला होता का, तेही सांगा."